बालमेंदूविकारशास्त्र शिकायला विदर्भातून चंदीगडला जाताना आणि परत येताना

विदर्भातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करत असलेल्या आणि आता बालमेंदूविकारशास्त्रात डी.एम. (एम.डी.नंतरची अतिविशेष पदवी) करण्याचा विचार मनात असलेल्या तरुण डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातून चंदीगडच्या पीजीआयमध्ये (केंद्राच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत) गेलो, तीन वर्षे शिकलो आणि पांढरकवड्याला परत आलो, म्हणून उदाहरणे त्या शहराची आणि या तालुक्याची आहेत. दिल्ली किंवा दक्षिणेतल्या एखाद्या संस्थेत जाणाऱ्यांनी शहराविषयीचा भाग आपल्यापुरता बदलून घ्यावा. बाकीचा बहुतेक भाग त्यांनाही लागू पडेल.

निघण्याआधी आपल्या तालुक्याची वही करा

प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांआधी एक दोनशे पानी वही विकत घ्या. आपल्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक मेंदूविकाराच्या मुलासाठी त्या वहीत एक पान ठेवा आणि त्यावर मुलाचे वय, गाव, गावापासून रुग्णालयापर्यंतचे अंतर, आईने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली तक्रार, चालू असलेले औषध आणि ते औषध कुठे मिळते, एवढे नोंदवा. पालकांची परवानगी घेऊन मुलाच्या हालचालींचे चित्रीकरणही करा. मी निघण्यापूर्वीच्या आठ महिन्यांत अशी वही केली होती. पुढे तीन वर्षे मी जे काही शिकलो, ते याच पानांवर ताडून पाहत होतो.

या वहीचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. सहा महिन्यांच्या एका बाळाची आई मला म्हणाली होती, “लेकरू दचकते जी, झोपेतून उठल्या उठल्या, एकामागून एक.” त्याआधी दोन ठिकाणी तिला पोटात गॅस झाल्याचे सांगून थेंब दिले होते आणि त्यात चार महिने गेले होते. ती सांगत होती ते वेस्ट सिंड्रोम या तान्ह्या बाळांच्या झटक्यांच्या आजाराचे जवळजवळ पुस्तकी वर्णन होते. हा आजार बहुतेक वेळा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होतो, झटके झोपेतून उठताना माळेसारखे येतात आणि ईईजीमध्ये (मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखात) हिप्सॅरिथमिया, म्हणजे अस्ताव्यस्त लहरींचा नमुना, दिसतो. एसीटीएच, तोंडाने द्यायचे प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन ही त्यावरची औषधे आहेत. उपचाराला जितका उशीर होतो तितका बाळाच्या विकासाचा तोटा वाढतो. भारतात या आजाराच्या मुळाशी बहुधा जन्मावेळचा श्वासावरोध आणि नवजात अवस्थेत रक्तातली साखर उतरणे ही कारणे असतात, म्हणजे त्याची सुरुवात आपल्याच प्रसूतिगृहात आणि एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) झालेली असते. चंदीगडला वेस्ट सिंड्रोमचा पहिला वर्ग झाला तेव्हा मी वहीतले ते पान उघडले. ‘दचकते’ या शब्दापुढे तेव्हा मी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

वहीत घरगुती शब्दही लिहून ठेवा. मिरगी, फेफरे, आकडी, झटके, डोळे फिरवणे, ‘जन्मल्यावर रडलंच नाही’, ‘मान धरत नाही’, ‘बाहेरचं झालं’ असे बरेच शब्द मिळतील. झटका आल्यावर मुलाला चप्पल किंवा कांदा हुंगवला जातो, हेही लिहा आणि ते करण्यात किती मिनिटे जातात हे आईला विचारा. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर औषध द्यायला हवे आणि नाकात फवारायचे मिडाझोलाम आशाताईंनाही शिकवता येते. हे तिथे शिकून इथे सुरू करायचे असेल, तर इथल्या घरात ती पाच मिनिटे कशात खर्च होतात हे आधी माहीत असावे लागते.

प्रवेश आणि कागदपत्रे

रस्ता लांब असला तरी सरळ आहे. एम.बी.बी.एस. आणि आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रात एम.डी. किंवा डी.एन.बी. तीन वर्षे आणि मग डी.एम. तीन वर्षे. पीजीआयच्या जागा आयएनआय-एसएस या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांच्या अतिविशेष प्रवेशपरीक्षेतून भरल्या जातात. ही परीक्षा दिल्लीचे एम्स वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी घेते. लेखी टप्प्यानंतर विभागात प्रत्यक्ष मूल्यमापन होते. राज्यांतल्या इतर महाविद्यालयांच्या जागांसाठी नीट-एसएस वेगळी द्यावी लागते. दोन्हींचा अभ्यासक्रम बालरोगशास्त्राचाच असल्याने तयारी एकत्र करता येते. ग्रामीण रुग्णालयात काम करत अभ्यास करणाऱ्याने रात्रपाळीनंतरच्या सकाळी झोपून घ्यावे आणि दुपारचे तीन तास पक्के ठेवावेत. रात्रभर जागून पहाटे पुस्तक उघडण्याचा प्रयोग मी दोन महिने केला आणि त्यात वाचलेले काहीच टिकले नाही.

महाराष्ट्रात शासकीय सेवेचे बंधपत्र बाकी असेल, तर त्याची स्थिती निघण्यापूर्वी लेखी स्वरूपात हातात घ्या. मूळ प्रमाणपत्रे एखाद्या कार्यालयात जमा असतील, तर ती सोडवायला महिना लागेल असे गृहीत धरा. निकाल आणि रुजू होण्याची तारीख यांमध्ये तेवढे दिवस मिळतीलच असे नाही.

पैशांची चिंता पुष्कळ जणांना असते, म्हणून स्पष्ट सांगतो. केंद्रीय संस्थेत डी.एम. करणारा डॉक्टर ज्येष्ठ निवासी डॉक्टर असतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचे मूळ वेतन ६७,७०० रुपयांपासून सुरू होते आणि भत्ते धरून हातात लाखाच्या पुढे रक्कम येते. घरी कापसाचे पीक हातचे गेले असेल, त्या वर्षीही यातून आईवडिलांना पैसे पाठवता येतात. मी पाठवले आहेत.

शहर

नागपूरहून नवी दिल्ली हा एका रात्रीचा प्रवास आहे आणि तिथून शताब्दीने चंदीगड सुमारे साडेतीन तासांवर आहे. चंदीगडचे रेल्वेस्थानक पंचकुल्याच्या बाजूला आहे आणि पीजीआय शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेक्टर १२ मध्ये आहे. सामान घेऊन पोहोचणार असाल, तर दिवसाउजेडी उतरता येईल अशी गाडी निवडा.

फाळणीनंतर पंजाबची राजधानी म्हणून हे शहर वसवले गेले आणि ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने त्याची आखणी केली. गल्ल्या, पेठा आणि मारुतीच्या पारावरून पत्ता सांगण्याची सवय असलेल्या माणसाला सेक्टरांचे आकडे पहिले काही दिवस परके वाटतात. पीजीआयच्या आसपासचे सेक्टर एवढेच आधी लक्षात ठेवा. सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ आहे, ११ आणि १५ मध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि खाणावळी आहेत. पीजीआयला लागून असलेले नयागाव पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येते आणि तिथे भाडे कमी पडते. वसतिगृहात जागा मिळाली तर दुसरा विचार करू नका. पहिल्या वर्षी रात्री दोन वाजता अपघात विभागातून बोलावणे आले, की पाच मिनिटांत चालत पोहोचता येणे हे मोठ्या खोलीपेक्षा कितीतरी मोलाचे असते. कुटुंब सोबत नेणार असाल, तर पहिले चार महिने एकटे राहा आणि मग घर पाहा, कारण त्या चार महिन्यांत घरच्यांना देण्यासारखा वेळ तुमच्याजवळ नसेल.

विदर्भाच्या माणसाला उन्हाळ्याविषयी काही सांगायची गरज नाही. तो हिवाळ्याला कमी लेखतो, आणि तीच चूक असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान ५ अंशांच्या खाली जाऊ शकते, दाट धुके पडते, दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. आपल्याकडची सोलापुरी चादर आणि एक स्वेटर तिथे पुरत नाही. जाड रजई, आत घालायचे गरम कपडे आणि लोकरी मोजे तिथल्याच बाजारात घ्या, इकडून ओझे नेऊ नका. जानेवारीत सुट्टीवर यायचे असेल, तर धुक्यामुळे गाडी चुकण्याची शक्यता धरून मध्ये एक दिवस राखून ठेवा.

इकडून जरूर न्यायच्या वस्तू वेगळ्या आहेत. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, काळा मसाला, जवसाची चटणी, सरगुंडे आणि वाळवलेली अंबाडी न्या. राजमा-भात आणि कढी-भात तिथे उत्तम मिळतात आणि पराठ्यांची सवय आठवड्यात होते, पण चोवीस तासांच्या कामानंतर खोलीवर येऊन साधे वरण-भात आणि जवसाची चटणी खाण्याची इच्छा होते. त्यासाठी एक लहान कुकर पुरतो. फिरायचे म्हटले तर सुखना तलावाचा काठ पहाटे किंवा संध्याकाळी चालायला फार चांगला आहे, आणि सायकल घेतली तर स्वतंत्र सायकलमार्गांमुळे सगळे शहर हाताशी येते.

पीजीआयच्या दारात मिळणाऱ्या लंगराविषयी थोडे सविस्तर लिहितो. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. जगदीशलाल आहुजा या फळविक्रेत्याने रुग्णालयाबाहेर अनेक वर्षे रोज अन्नदान केले, पुढे त्यासाठी जमीनजुमला विकला, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संध्याकाळी कधीतरी त्या रांगेजवळ थांबून पालकांशी बोला. मूल दाखल असताना बाप कुठे झोपतो, गावी गुरांकडे कोण बघते, मोठ्या बहिणीची शाळा बुडते का, हे सकाळच्या राउंडमध्ये कोणी सांगत नाही, ते तिथे कळते. नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आपल्या तालुक्यातले पालक जिन्याखाली कसे राहतात, हेही मला त्या रांगेजवळच उमगले, आणि तेव्हापासून मी रेफर करताना चिठ्ठीसोबत राहण्याची सोय कुठे होईल तेही लिहून देतो.

भाषा

हिंदीवर काम चालते, पण आईच्या तोंडून नेमका इतिहास हवा असेल तर थोडी पंजाबी शिकावीच लागते. पहिल्या महिन्यात तीसचाळीस शब्द पुरतात. मुलाला ‘नियाणा’ म्हणतात, ‘की होया?’ म्हणजे काय झाले आणि ‘कदों तों?’ म्हणजे केव्हापासून. आपल्याकडे दौरा म्हणजे प्रवास, तिथे दौरा म्हणजे झटका. ‘ताप’ आणि ‘मिरगी’ हे दोन्ही शब्द मात्र तिथेही आहेत, आणि पहिल्या आठवड्यात हिसारकडच्या एका आजीने ‘मिरगी’ म्हटले तेव्हा मला घरचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले. मेंदूविकारात निम्मे निदान इतिहासावर होते, त्यामुळे परक्या भाषेत इतिहास घेण्याचा सराव वाया जात नाही. परत आल्यावर कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या आईसमोर बसताना तोच सराव कामाला येतो.

काय शिकायचे, कशावर जास्त वेळ द्यायचा

मोठ्या संस्थेत रोज दुर्मीळ आजार दिसतात, जनुकीय चाचण्यांचे अहवाल येतात, आणि आपण खेड्यात जाऊन याचे काय करणार अशी निराशा सहाव्या महिन्याच्या सुमारास येते. मला ती आली होती. त्यावर मी एक पद्धत ठरवली. प्रत्येक आजारापुढे वहीत तीन गोष्टी लिहायच्या: हा माझ्या तालुक्यात ओळखता येईल का, कोणत्या चाचणीशिवाय ओळखता येईल, आणि कोणत्या औषधाने बदलेल.

या पद्धतीने पाहिले की स्वस्तात सुधारणारे आजार आपोआप वर येतात. शाकाहारी आईच्या, वर्ष उलटले तरी केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला थरथर सुटते, ते फिके आणि सुस्त दिसते, केस विरळ व भुरे होतात, बोटांची पेरे काळवंडतात आणि आधी येत असलेले हसणे-बसणे मागे जाते. हा शिशुकंप विकार आहे आणि बी-१२ दिल्यावर मूल पुन्हा हसू लागते. बायोटिनिडेझ या विकराची (एन्झाइमची) कमतरता बायोटिनच्या गोळ्यांनी आटोक्यात राहते. काही तान्ह्या बाळांचे कशालाच न जुमानणारे झटके पायरिडॉक्सिनने (बी-६ जीवनसत्त्वाने) थांबतात. हे तीन आजार एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाहीत, आणि त्यांच्या औषधांसाठी कोणाला शेत विकावे लागत नाही.

उत्तर भारतात भरपूर दिसणारे काही आजार मन लावून पाहून घ्या. मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठी ही तिथल्या ओपीडीतली रोजची गोष्ट आहे. स्कॅनमध्ये कडीसारखी दिसणारी एकच गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, तर क्षयाचा संशय वाढतो. हा भेद शंभर स्कॅन पाहिल्यावर हातात बसतो. गोवराच्या विषाणूमुळे अनेक वर्षांनी होणारा एसएसपीई हा मेंदूचा आजार तिथे अजून दिसतो. शाळेत हुशार असलेले मूल मागे पडू लागते, हातातून वस्तू पडतात, अंगाला ठरावीक अंतराने हिसके बसतात. असे एक मूल पाहिलेला डॉक्टर गोवराच्या लसीबद्दल पालकांशी आयुष्यभर वेगळ्या कळकळीने बोलतो.

आपल्याकडच्या आजारांचे शिक्षण मात्र स्वतः मागून घ्यावे लागते. सगळ्यांत महत्त्वाचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ, मेळघाट असा पट्टाच आहे, आणि पंजाबच्या पट्ट्यात मुख्यतः थॅलेसेमिया दिसतो. सिकलसेलच्या मुलाला होणारा पक्षाघात आधी हेरता येतो. डोक्याच्या बाजूने केलेल्या ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये (ध्वनिलहरींनी मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीत) रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आढळला तर धोका मोठा असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिल्या पक्षाघाताचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. जिथे नियमित रक्त मिळत नाही तिथे हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा आधार घेता येतो. दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. डॉप्लरचे यंत्र हाताळायला शिकण्यासाठी मी रेडिओलॉजीतल्या सहकाऱ्यांकडे दर शनिवारी जाऊन बसत असे. आपण कुठून आलो आणि हे का हवे, हे सांगितले की शिकवणारे मनापासून शिकवतात.

दुसरा विषय तीव्र मेंदूज्वराचा. चांदिपुरा विषाणूला ज्या गावाचे नाव मिळाले ते गाव नागपूर जिल्ह्यातले आहे. १९६५ मध्ये तो तिथल्या रुग्णांच्या रक्तात सापडला, वाळूमाशीतून पसरतो, आणि २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याच्या साथीत पुष्कळ मुले दगावली. मूल सकाळी तापाने फणफणते आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बेशुद्ध होऊन दगावू शकते. गडचिरोलीकडे मेंदूचा मलेरिया आणि पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वर यांचाही विचार लागतो. अशा मुलाचा श्वास, साखर, झटके आणि मेंदूवरचा दाब पहिल्या तासात कसा सांभाळायचा, हे बालअपघात विभागाच्या रात्रपाळ्यांत शिकायला मिळते. त्या पाळ्या टाळू नका. पुढे तालुक्याच्या ठिकाणी तुमच्याकडे प्रामुख्याने तो पहिला तासच असेल.

ईईजी रोज स्वतः वाचा, आधी मुलाची माहिती न पाहता. पहिल्या वर्षाअखेरीस पाचशे वाचून व्हावेत असे ध्येय ठेवा. तंत्रज्ञासोबत बसून टाळूवर १०-२० पद्धतीने, म्हणजे ठरावीक जागा मोजून, तारा लावायलाही शिका, कारण परतल्यावर तालुक्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे काम तुम्हालाच शिकवायचे आहे.

आणि बोलायला शिका. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या) मुलाचा बाप विचारतो, “हे चालन का कधी?” या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणे मला फार क्रूर वाटते. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसणारी मुले बहुतेक पुढे चालतात, चार वर्षांपर्यंतही बसता न येणारी क्वचितच चालतात. हालचालींची क्षमता ठरवणाऱ्या पाच पातळ्यांच्या जीएमएफसीएस मापनावर मूल कुठे आहे ते पाहून पालकांना खरे आणि उपयोगी उत्तर देता येते. वरिष्ठ डॉक्टर कठीण बातमी सांगतात तेव्हा खोलीत थांबण्याची परवानगी मागा आणि ते किती वेळ गप्प बसतात याकडे लक्ष द्या.

परत येण्याची तयारी तिसऱ्या वर्षी सुरू करा

शेवटच्या वर्षीच्या सुट्टीत जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा लवकर हस्तक्षेप केंद्राला भेट द्या. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याची पथके अंगणवाड्या-शाळांत जातातच, त्यामुळे रुग्ण शोधणारी माणसे आधीपासून आहेत, त्यांना पुढे पाठवायला कोणीतरी हवे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि स्नायूंचे आजार आहेत, तसाच सिकलसेलही आहे. प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला एक लाखापर्यंतचा विमा यांचे अर्ज कसे भरायचे हे समाजसेवा अधीक्षकांकडून शिकून घ्या. पुष्कळ घरांना गोळीइतकाच या कागदाचा उपयोग होतो.

औषधे निवडताना गावचा दिनक्रम पाहा. फेनोबार्बिटोन आणि व्हॅल्प्रोएट ग्रामीण रुग्णालयात मिळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून जे मूल त्यांवर सांभाळता येते त्याला केवळ नवे म्हणून महाग औषध देऊ नका. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत घरातली सगळी माणसे कापूस वेचायला जातात, तेव्हा औषध संपले तरी कोणी येत नाही आणि संक्रांतीच्या आसपास झटके बसलेली मुले एकामागून एक दाखल होतात. दसऱ्यालाच तीन महिन्यांचे औषध बांधून द्यायला लागल्यापासून माझ्याकडे ही गर्दी कमी झाली आहे. चंदीगडच्या शिक्षकांशी संबंध ठेवा. पालकांची संमती घेऊन पाठवलेले एक मिनिटाचे चित्रीकरण आणि ईईजीची दोन पाने एवढ्यावर ते आजही मला सल्ला देतात, आणि एखाद्या आईबापाचा नागपूरचा दीडशे किलोमीटरचा फेरा वाचतो.

मेंदूविकाराची ओपीडी आठवडी बाजाराच्या दिवशीच ठेवा. त्या दिवशी गावाकडून एसटी भरून येते, भाड्याचा वेगळा खर्च पडत नाही, आणि मुलाला कडेवर घेऊन आलेली आई बाजार आटोपून दुपारी दोनच्या सुमारास दारात उभी राहते, म्हणून जेवणाची सुट्टी मी साडेतीनला घेतो.